खेळाचा संगणक : सुट्या भागांचा मेळ

लग्नाच्या पंक्तीची तयारी करणारा यजमान आधी पाने किती मांडावयाची हे ठरवितो आणि मग शिधा काढतो. घर बांधणाराही विटांचा भाव विचारण्यापूर्वी घरात माणसे किती राहावयाची आहेत याचा अंदाज घेतो. खेळासाठी संगणक जुळवू पाहणारे मात्र पुष्कळदा याच्या उलट क्रमाने निघतात. दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच पहिला प्रश्न येतो तो हा, की सर्वांत वेगवान प्रोसेसर कोणता आणि सर्वांत मोठे ग्राफिक्स कार्ड कोणते. उत्तरे मिळतात, पैसे मोजले जातात, खोकी घरी येतात. आणि जुळविलेले यंत्र अपेक्षेप्रमाणे चालत नाही तेव्हा दोष नेमका कोणाला द्यावयाचा हेच उमगत नाही. बहुतेक वेळा कोणताही एक भाग सदोष नसतो. भागाभागांतील प्रमाण चुकलेले असते.

मध्यमवर्गीय घरात अशा यंत्रासाठी बाजूला काढलेली रक्कम ही खेळातली रक्कम नसते. ती कोणाच्या तरी पहिल्या पगारातून किंवा आईवडिलांच्या काटकसरीतून आलेली असते. शिवाय ज्या यंत्रावर संध्याकाळी खेळ खेळला जातो त्याच यंत्रावर सकाळी अभियांत्रिकीचे आराखडे काढले जातात, चलच्चित्रे जोडली जातात, त्रिमित आकृत्या घडविल्या जातात. म्हणून ही निवड नीट समजून घेण्याजोगी आहे.

सुटे भाग आणून संगणक जुळविता येतो, यामागे थोडा इतिहास आहे. १९८१ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यातील प्रोसेसर इंटेलचा होता आणि इतरही अनेक भाग बाहेरून घेतलेले होते. त्याच्या रचनेची माहितीही कंपनीने खुली ठेवली. परिणामी इतर कारखानदार त्याच्याशी जुळणारे भाग आणि पुढे तशीच यंत्रे बनवू लागले. १९९५ साली इंटेलने एटीएक्स नावाचा नमुना ठरवून दिला. मदरबोर्डची लांबीरुंदी, त्याच्या स्क्रूंच्या जागा, वीज पुरविणाऱ्या पेटीचे माप हे सर्व त्यात नक्की झाले. पूर्ण आकाराचा एटीएक्स मदरबोर्ड आजही ३०५ गुणिले २४४ मिलिमीटरचाच असतो. या समान मापांमुळे एका कारखान्याचे कार्ड दुसऱ्याच्या बोर्डावर आणि तो बोर्ड तिसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बिनतक्रार बसतो. परंतु या स्वातंत्र्याबरोबर एक जबाबदारीही येते. तयार संगणकात भागांचा मेळ कारखान्यातला अभियंता पाहतो. जुळविलेल्या संगणकात ते काम ग्राहकाला स्वतःच करावे लागते.

आता खेळ चालू असताना संगणकाच्या पोटात काय घडते ते पाहू जाता असे दिसते, की पडद्यावरील हालचाल म्हणजे झपाट्याने बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका होय. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्रासाठी १६.७ मिलिसेकंद एवढाच अवधी मिळतो. सेकंदाला १४४ चित्रे हवी असतील तर तो अवधी ६.९ मिलिसेकंदांवर येतो. एवढ्या वेळात दोन कामे उरकावी लागतात. पहिले काम निर्णयाचे : खेळाडूने कोणती कळ दाबली, प्रतिस्पर्धी कोठे सरकला, गोळी भिंतीला लागली की माणसाला, चेंडू किती उसळला. हे काम प्रोसेसर करतो. दुसरे काम रंगविण्याचे : त्या निर्णयानुसार पडद्यावरील प्रत्येक बिंदूचा रंग ठरविणे. हे काम ग्राफिक्स कार्डाचे. पंक्तीचीच उपमा पुढे न्यावयाची तर प्रोसेसर हा मुदपाकखान्यातला आचारी आहे. त्याचे हात मोजके, परंतु प्रत्येक हात कोणतेही अवघड काम करू शकणारा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढप्यांची भली मोठी फौज; एकेकाचे काम साधे, पण हजारो जण ते एकाच वेळी करतात.

प्रारंभी ही दोन्ही कामे प्रोसेसरच करीत असे. १९९३ सालचा गाजलेला ‘डूम’ हा खेळ प्रोसेसरच्या बळावरच चालत होता. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचे ‘व्हूडू’ कार्ड आले आणि त्रिमित चित्रे रंगविण्याचे बरेचसे काम घरगुती संगणकात स्वतंत्र कार्डाकडे जाऊ लागले. १९९९ साली एनव्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड आणताना त्याला ‘जीपीयू’ हे नाव दिले आणि आकृत्यांची व प्रकाशाची गणितेही त्याच्याकडे सोपविली. तेव्हापासून खेळाच्या संगणकात दोन धुरीण झाले. आणि जेथे दोन धुरीण, तेथे मेळाचा प्रश्न आलाच.

गाडीला एक बैल उमदा खिलारी आणि दुसरा थकलेला जुंपला, तर गाडी खिलारीच्या चालीने जात नाही. तद्वत प्रोसेसर सेकंदाला ९० चित्रांपुरते निर्णय घेत असेल आणि कार्डाची ताकद २०० चित्रे रंगविण्याची असेल, तर पडद्यावर चित्रे येतात ९०च. उरलेल्या ताकदीचे पैसे खोक्यात पडून राहतात. उलट बाजूनेही तेच. प्रत्येक खेळाची मागणीही निराळी असते. २०२० सालच्या ‘सायबरपंक २०७७’ या खेळातील झगमगते नगर रंगविताना कार्डाची दमछाक होते. तर २०२३ साली आलेला ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा स्पर्धेचा खेळ सेकंदाला शेकडो चित्रांच्या वेगाने खेळला जात असल्यामुळे प्रोसेसरची कसोटी घेतो. म्हणून कोणते खेळ खेळावयाचे आहेत, हा प्रश्न दुकानात जाण्यापूर्वी घरीच सुटलेला बरा.

यानंतर विचार करावयाचा तो पडद्याचा, म्हणजे मॉनिटरचा. पुष्कळ जण तो शेवटी, उरलेल्या पैशांत घेतात. वास्तविक सर्व यंत्राचे माप त्यावरूनच ठरते. नित्याच्या १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या पडद्यावर एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर ते ३६,८६,४०० होतात आणि ३८४० गुणिले २१६० च्या, म्हणजे ‘फोर-के’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर ८२,९४,४००. पहिल्या प्रकाराच्या बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रे धरली तरी सर्वांत लहान पडद्यासाठीही कार्डाला दर सेकंदाला बारा कोटींहून अधिक बिंदू रंगवावे लागतात. फोर-के पडद्यासाठी हाच आकडा जवळजवळ पन्नास कोटींवर जातो.

येथे एक मर्माची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पडद्यावरील बिंदू वाढले तर कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे फारसे वाढत नाही. कारण चेंडू कोठे पडला हा निर्णय लहान पडद्यासाठी आणि मोठ्या पडद्यासाठी एकच असतो. परंतु दर सेकंदाची चित्रे वाढविली तर प्रोसेसरचेही काम वाढते, कारण प्रत्येक चित्रासाठी त्याला नव्याने निर्णय घ्यावा लागतो. तात्पर्य, बारीक तपशिलाच्या मोठ्या पडद्याची हौस असेल तर अधिक पैसा कार्डावर घालावा. स्पर्धेच्या खेळासाठी १४४ किंवा त्याहून अधिक वेगाचा पडदा हवा असेल तर प्रोसेसरकडे दुर्लक्ष करू नये. एवढे एक सूत्र हाती असले म्हणजे निम्मी निवड झाली असे समजावे.

ग्राफिक्स कार्ड निवडताना नावांचा घोळ प्रथम सोडवावा लागतो. एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ४०६०’ या नावात पहिले दोन अंक पिढीचे आणि पुढचे दोन त्या पिढीतील दर्जाचे असतात. त्यामुळे मोठा आकडा म्हणजे अधिक वेग असे होत नाही. २०२० सालचे ‘३०८०’ हे २०२३ सालच्या ‘४०६०’ पेक्षा पुष्कळच वेगवान आहे. मात्र नव्या कार्डाला ११५ वॉट पुरतात तेथे जुन्याला ३२० वॉट लागतात. भाऊबंदांत थोरला कोण आणि बलवान कोण हे जसे निरनिराळे प्रश्न, तसाच हा प्रकार.

दुसरी पाहावयाची गोष्ट म्हणजे कार्डाची स्वतःची स्मृती. खेळातील भिंती, झाडे, चेहरे यांच्या पृष्ठभागांची चित्रे कार्डाला हाताशी लागतात आणि ती या स्मृतीत ठेवलेली असतात. ती भरली की कार्डाला मुख्य स्मृतीकडे हात पसरावा लागतो. २०२३ साली ‘आरटीएक्स ४०६० टीआय’ हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत निघाले. दोहोंतील मुख्य चिप एकच. या कार्डाची स्वतःची स्मृती सेकंदाला २८८ जीबी माहिती पुरवू शकते. परंतु मदरबोर्डाच्या ज्या मार्गाने ते बाहेरून माहिती आणते त्याची क्षमता एका दिशेने सेकंदाला सुमारे १६ जीबीच आहे. म्हणजे घरातल्या रांजणातून पाणी घेण्याऐवजी वेशीबाहेरच्या विहिरीवर जावे तसे होते. खेळ एरवी सुरळीत चालताना मधेच अडखळतो, त्याचे एक कारण हे. साध्या पडद्यासाठी ८ जीबी स्मृतीवर आज अनेक खेळ चालतात. परंतु नवे, भारी खेळ वरच्या दर्जाने चालवावयाचे आणि कार्ड चारपाच वर्षे वापरावयाचे असेल तर १२ किंवा १६ जीबी असणे शहाणपणाचे.

उत्पादकांच्या जाहिरातींतील आकडे वाचतानाही सावध असावे. २०१८ सालापासून एनव्हिडियाने आणि २०२१ पासून एएमडीने अशी युक्ती उपलब्ध केली आहे, की कार्ड लहान चित्र रंगवते आणि मग ते गणिताने मोठे करते. ही युक्ती उपयुक्त आहे. पुढे दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एखादे गणिताने बनविलेले चित्र घालण्याचीही सोय झाली. त्यामुळे हालचाल नितळ दिसते, पण कळ दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा विलंब त्यामुळे कमी होत नाही. जाहिरातीतील आकडा अशा भरीच्या चित्रांसह आहे की त्यांच्याविना, हे पाहिल्यावाचून दोन कार्डांची तुलना करणे व्यर्थ आहे.

प्रोसेसरच्या बाबतीत मोह होतो तो गाभ्यांच्या, म्हणजे कोअरच्या संख्येचा. चलच्चित्रे जोडण्यास किंवा त्रिमित आकृत्या रंगविण्यास १२ किंवा १६ गाभे उपयोगी पडतात. खेळांना मात्र सामान्यतः ६ ते ८ चांगले गाभे पुरतात. त्याहून महत्त्वाची ठरते ती प्रोसेसरच्या पोटातली छोटी, अतिवेगवान स्मृती, जिला कॅश म्हणतात. मुख्य स्मृतीतून एखादी माहिती येईपर्यंत प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जातात. तीच माहिती कॅशमध्ये सापडली तर हा खोळंबा टळतो. याचे ठळक उदाहरण २०२२ साली दिसले. एएमडीचा ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ हा प्रोसेसर आपल्या ‘५८००एक्स’ या भावंडापेक्षा ठोक्यांच्या वेगात किंचित मागेच होता. दोघांचेही गाभे ८. परंतु ३२ एमबीच्या जागी त्यात ९६ एमबी कॅश होती, आणि अनेक खेळांत तो स्पष्टपणे पुढे गेला. ठोक्यांचा आकडा म्हणजे सर्वस्व नव्हे, हे यावरून दिसून येते.

मदरबोर्ड हा या सर्वांना एकत्र आणणारा पाट. त्यावर प्रोसेसरची बैठक असते तिला सॉकेट म्हणतात. आणि येथे गफलत झाली तर वस्तू परत करण्यावाचून गत्यंतर नसते. एएमडीचे २०१६ सालचे ‘एएम४’ सॉकेट डीडीआर४ जातीच्या रॅमसाठी आहे. २०२२ सालचे ‘एएम५’ फक्त डीडीआर५ साठी. इंटेलच्या २०२१ सालच्या ‘एलजीए १७००’ सॉकेटचे प्रोसेसर दोन्ही जाती चालवू शकतात, परंतु घेतलेला बोर्ड सामान्यतः दोहोंपैकी एकच जात स्वीकारतो. दोन्ही जातींच्या पट्ट्यांवरील खाच निराळ्या जागी असल्यामुळे एक दुसरीच्या जागी बसतच नाही. बोर्ड जुन्या साठ्यातला आणि प्रोसेसर नव्या पिढीचा असेल, तर बोर्डाची बायोस प्रणाली नवी करून घेतल्याशिवाय यंत्र सुरूच न होण्याचा संभव असतो. दुकानदाराकडून ते तेथेच करून घ्यावे. महागडा बोर्ड घेतल्याने खेळाचा वेग मात्र वाढत नाही. प्रोसेसरला लागणारी वीज नीट पुरवू शकेल आणि हव्या तेवढ्या जोडण्या देईल एवढा बोर्ड पुरे. त्यापुढचा खर्च म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

रॅम घेताना एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा तेवढ्याच एकूण क्षमतेच्या दोन घ्याव्यात. डीडीआर५-६००० जातीची एक पट्टी सेकंदाला ४८ जीबी माहिती वाहून नेऊ शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसविल्या की दोन वाटा खुल्या होऊन क्षमता ९६ जीबी होते. आज १६ जीबी रॅम ही किमान गरज आणि ३२ जीबी ही सोयीची पातळी म्हणता येईल. कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड संगणकगृहांची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले. अशा दिवसांत दोन १६ च्या पट्ट्या परवडत नसतील तर दोन ८ च्या घेऊन, चार खाचांचा बोर्ड असल्यास पुढील दोन मोकळ्या ठेवणे हा व्यवहारी मार्ग आहे; मात्र डीडीआर५ मध्ये चारही खाचा भरल्यावर वेग काहीसा उतरू शकतो हे जाणून तो पत्करावा. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला माहितीच्या जागेवर पोहोचण्यासच सुमारे दहा मिलिसेकंद लागतात. साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, तर बोर्डावर थेट बसणारी चौथ्या पिढीची एनव्हीएमई सुमारे ७००० एमबीपर्यंत जाते. परंतु खेळ उघडण्याच्या वेळेत या शेवटच्या दोहोंतील फरक आकड्यांइतका मोठा जाणवत नाही. म्हणून सर्वांत वेगवान प्रकारासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा क्षमता मोठी घ्यावी.

आता ज्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि ज्याच्यामुळे सर्वांत मोठी हानी होऊ शकते, त्याकडे वळले पाहिजे. तो भाग म्हणजे वीज पुरविणारी पेटी, बाजारातील शब्द वापरावयाचा तर एसएमपीएस. भिंतीतील २३० व्होल्टची वीज ती मुख्यतः १२ व्होल्टमध्ये रूपांतरित करते. एखादे मध्यम यंत्र घेऊन हिशेब मांडता येतो. एएमडीचा ‘रायझन ५ ७६००’ प्रोसेसर भर कामात सुमारे ८८ वॉट घेतो. ‘आरटीएक्स ४०६०’ कार्ड ११५. बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून साठेक वॉट धरावेत. बेरीज २६३ होते. परंतु कार्डाची मागणी क्षणार्धात कितीतरी वर उसळते, आणि पुढेमागे मोठे कार्डही घ्यावेसे वाटेल. म्हणून ५५० वॉटची चांगली पेटी येथे योग्य.

येथे ‘चांगली’ या शब्दाला महत्त्व आहे. स्वस्त, अनामिक पेटीवर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट छापलेले असते. परंतु बाजूच्या पट्टीवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तेथे २० अँपिअर असतील तर १२ गुणिले २० म्हणजे २४० वॉटच खरे उपयोगाचे. उरलेला आकडा शोभेचा. दाब वाढला, तारा एकमेकींना चिकटल्या किंवा भार अतोनात झाला तर चांगली पेटी स्वतःच बंद पडते. निकृष्ट पेटी जाताना आपल्याबरोबर बोर्ड, कार्ड आणि साठविलेले सर्व काम घेऊन जाऊ शकते. दोन हजार रुपये वाचविण्यासाठी साठ हजारांचा माल पणाला लावणे, याला काटकसर म्हणता येत नाही. ‘८० प्लस’ हे २००४ साली सुरू झालेले प्रमाणपत्र वीज किती वाया जाते एवढेच सांगते. सुरक्षिततेची ती ग्वाही नव्हे. म्हणून प्रमाणपत्राबरोबर निर्मात्याची ख्याती आणि हमीची वर्षेही पाहावीत. सुट्या तारांची पेटी असेल तर एका कंपनीच्या तारा दुसरीच्या पेटीला कदापि लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतील जोडण्या भिन्न असतात आणि क्षणात यंत्र जळते.

मोठ्या कार्डांसाठी २०२२ साली सोळा पिनांची नवी जोडणी आली. ४५० वॉटच्या ‘आरटीएक्स ४०९०’ कार्डांवर ती वितळल्याच्या तक्रारी त्याच वर्षी पुढे आल्या. जोडणी पुरती आत न बसणे हे त्याचे एक प्रमुख कारण आढळले, आणि २०२३ साली तिची रचना सुधारण्यात आली. अशी जोडणी शेवटपर्यंत दाबून बसवावी आणि तोंडाशीच तार वाकवू नये.

घराच्या विजेचाही येथे संबंध येतो. पेटीच्या आत गाळणीचे जे कपॅसिटर असतात त्यांच्यामुळे, अर्थिंग नसलेल्या प्लगवर संगणक चालविला तर कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात. जुन्या वाड्यांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून तीन छिद्रांचा प्लग असतो, पण मागे अर्थिंगची तार नसते. यंत्र आणण्यापूर्वी वायरमनकडून ती तपासून घ्यावी. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट हे दोन आकडे वेगळे ओळखावेत. ६०० व्हीएची साधी यूपीएस सहसा ३६० वॉटच देऊ शकते.

उष्णतेचा विचार आपल्याकडे अधिकच करावा लागतो. परदेशी परीक्षणे बहुधा वीसपंचवीस अंशांच्या खोलीत झालेली असतात. ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस मे महिन्यात खोलीच ४० अंशांची झाली, तर आतील प्रत्येक भागाचे तापमान जवळजवळ त्याच फरकाने वर सरकते. प्रोसेसर ठरलेल्या मर्यादेला, उदाहरणार्थ रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर ९५ अंशांना पोहोचले, की स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतात. म्हणजे पैसे वेगाचे दिले आणि उन्हाळ्यात वेग मिळालाच नाही. समोर काचेचा बंद पत्रा असलेल्या देखण्या कॅबिनेटपेक्षा समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे. थंड हवा पुढून आत आणि गरम हवा मागून व वरून बाहेर, अशी पंख्यांची दिशा असावी. धूळ अडविणारी गाळणी काढून धुता यावी. गोव्यासारख्या दमट किनाऱ्यावर यंत्र महिनोन्महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू करणे हितावह. कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी आणि कूलरची उंची मावते की नाही, हे मिलिमीटरमध्ये मोजून पाहावे. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये.

पैशांची वाटणी कशी करावी, याला एकच एक नियम नाही. परंतु पडदा सोडून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा ते दोनपंचमांश हिस्सा ग्राफिक्स कार्डाकडे गेला तर यंत्र साधारण समतोल राहते. निम्म्याहून अधिक रक्कम कार्डावर जात असेल तर नाकापेक्षा मोती जड झाला नाही ना, हे एकदा पाहावे. अंथरूण लहान असेल तर पाय आखडण्याची जागा कॅबिनेटवरील रंगीत दिवे आणि महागडा बोर्ड ही आहे. वीजपेटी ही नव्हे.

जुन्या कार्डांच्या बाजारात चांगला सौदा होऊ शकतो, परंतु पारखून. २०२० ते २०२२ या काळात टाळेबंदीमुळे वाढलेली मागणी आणि इथेरिअम या आभासी चलनाचे ‘खाणकाम’ यांमुळे कार्डे मिळेनाशी झाली होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरिअमने ती पद्धती सोडली आणि अहोरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात येऊ लागली. अशी सगळीच कार्डे टाकाऊ असतात असे नाही. त्यांचे पंखे आणि उष्णता वाहून नेणारे लेप मात्र बहुधा झिजलेले असतात. जुने कार्ड अर्धा तास भारी खेळ चालवून, तापमान पाहून, मूळ बिलासह घ्यावे. नवी वस्तू घेतानाही, मग ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये, बिलावर वस्तूचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि हमी भारतात चालते की नाही हे विचारावे. परदेशाहून परभारे आलेल्या मालाची हमी पुष्कळदा येथे मानली जात नाही.

यंत्र जुळवून झाल्यावरही काही साध्या गोष्टी राहून जातात आणि सारा खर्च निष्फळ वाटू लागतो. पडद्याची तार बोर्डाला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावावी. नाही तर कार्ड असून नसल्यासारखे. १४४ वेगाचा पडदा कित्येकदा ६० वरच चालू होतो. विंडोजमध्ये जाऊन तो वेग निवडावा लागतो. रॅमही आरंभी कमी वेगाने चालते. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो हा पर्याय सुरू केला म्हणजे खोक्यावर लिहिलेला वेग मिळतो. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली असल्यामुळे नव्या यंत्रात विंडोज ११ घालावे. कोणताही भाग हाताळण्यापूर्वी वीज बंद करून कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगातील स्थिर विद्युत चिपांवर उतरत नाही.

एवंच निवडीचा क्रम असा ठरतो : आधी खेळ, मग पडदा, त्यावरून कार्ड, कार्डाला साजेसा प्रोसेसर, त्याला जुळणारा बोर्ड आणि रॅम, या सर्वांना पुरून उरेल अशी वीजपेटी, आणि सर्वांना श्वास घेऊ देईल असे कॅबिनेट. यांपैकी कार्ड आणि प्रोसेसर चारपाच वर्षांत जुने होतील. त्याला इलाज नाही. परंतु नीट पारखून घेतलेला पडदा, वीजपेटी आणि कॅबिनेट कार्डांच्या दोन पिढ्या सहज पाहतात. म्हणून पुढच्या खेपेस साऱ्या यंत्राचा खर्च न पडता एकदोन भागांचाच पडतो, आणि घरातील धाकट्याच्या वाट्याला चालू स्थितीतले जुने कार्ड येते ते वेगळेच.